कडी

दार आईनं लावलं. नुसतं लोटलं असतं तर काही बिघडलं नसतं, पण तिनं आतून कडीही सरकवली, खट् करून, आणि दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून माझ्यामागं येऊन उभी राहिली. बाहेर ऑक्टोबरातला वारा होता. वाय नदीच्या खोऱ्यातून टेकडी चढून येणारा, ओला, कानात शिरणारा. तिनं कडी घातली हे मला इतकं साहजिक वाटलं की माझं लक्षही गेलं नाही. मी मान वर करून छपराची जुनी लाकडं बघत होते. पाचेक मिनिटं गेली असतील. मग दार हललं, थांबलं, पुन्हा हललं, आणि बाहेरून कुणीतरी अगदी हलक्या हातानं टकटक केलं. घरात मूल झोपलेलं असावं आणि आपल्याकडे किल्ली नसावी, तेव्हा करतात तसं.

धावत जाऊन कडी काढली. दारात सत्तरी उलटलेले एक गृहस्थ, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बादली. ते या चॅपलचे, म्हणजे आम्ही उभ्या होतो त्या छोट्या प्रार्थनाघराचे, सभासद होते आणि झाडलोट करायला आले होते. मी तीन वेळा सॉरी म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, तुम्ही नुसत्या बघायला आलात म्हणून ठीक. प्रार्थना चालू असताना कडी घातली असतीत तर एके काळी कायद्यानं धरलं असतं. एवढं बोलून ते झाडायलाही लागले. आईनं विचारलं, ‘काय म्हणाले गं?’ मी घाईघाईत सांगितलं, ‘इथं दाराला कडी घालत नाहीत म्हणे.’ ‘मग काय थंडीत उघडं टाकायचं?’ आई जरा दुखावलीच. त्याआधी दाराशी वाकून ती चपला, म्हणजे बूट, काढायला लागली होती, तेव्हाही मीच तिला अडवलं होतं. एका दारात दोनदा चूक काढली गेली, असं तिला वाटलं असणार.

ते कडीचं वाक्य नंतर कितीतरी दिवस डोक्यातून गेलं नाही.

खरं तर आम्ही निघालो होतो हे-ऑन-वायला, वेल्समधल्या जुन्या पुस्तकांच्या गावाला. (गावाचं नाव ‘हे’ असू शकतं यावर आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ‘हे म्हणजे कोणतं?’ हा विनोद आमच्यात तीन महिने चालला.) त्याच्या चार-पाच मैल अलीकडे, ग्लासबरीच्या वरच्या अंगाला, एक अरुंद रस्ता झाडीतून टेकडीवर जातो. समोरून गाडी आली तर कुणीतरी मागं सरकायचं, एवढीच रुंदी. वर पोचलं की माळावर एक लांबट, बसकी, दगडी इमारत दिसते. नाव मायसरॉनन. वेल्श भाषेत त्याचा अर्थ अ‍ॅशच्या झाडाचं शेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे देवाचं ठिकाण आहे असं वाटायचं कारणच नाही. मनोरा नाही, घंटा नाही, मोठा क्रूस नाही. दगडी फरशांनी शाकारलेलं छप्पर, जाड भिंती, आणि एका टोकाला चिकटून बांधलेलं छोटं घर. आईनं गाडीतून उतरताना बघितलं आणि म्हणाली, ‘गोठाय का?’

तिचं फारसं चुकलं नव्हतं. हे मुळात शेतावरचं कोठारच. 1696 च्या सुमारास त्याचं प्रार्थनाघर झालं. एका टोकाला त्या आधीच्या इमारतीचं लाकूड अजून आहे: मुळातच वाकलेलं झाड उभं चिरायचं, दोन्ही फाळ्या समोरासमोर उभ्या करायच्या आणि वर आढ्यापाशी एकमेकींना टेकवायच्या. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखा आकार होतो, पण ते करणाऱ्या सुताराच्या मनात नमस्कार नसणार, वर गवत किती मावेल हेच असणार. मला हे फार आवडतं. देवासाठी म्हणून बांधलेल्या इमारतीत बांधणाऱ्याचा थोडा तोरा असतोच. इथं तो तोरा करायला ना पैसा होता, ना परवानगी.

परवानगीची गोष्ट अशी. 1662 साली इंग्लंडच्या राजसत्तेनं ठरवलं की सगळ्या चर्चमध्ये एकाच छापील पुस्तकाबरहुकूम उपासना होईल. ज्या पाळकांना ते मान्य नव्हतं अशा दोन हजारांच्या आसपास लोकांना आपली चर्चेस सोडावी लागली. सरकारी साच्यात न बसणारे ते नॉनकन्फॉर्मिस्ट. दोन वर्षांनी आणखी एक कायदा: घरातली माणसं सोडून पाच किंवा जास्त जणांनी जमून वेगळी प्रार्थना केली तर तो गुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1665 मध्ये, अशा काढलेल्या पाळकांनी आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत फिरकायचं नाही. 1670 मध्ये तर दंडाचं दरपत्रकच निघालं. येऊन बसणाऱ्याला पाच शिलिंग, उपदेश करणाऱ्याला 20 पौंड, घर किंवा कोठार देणाऱ्याला 20 पौंड. आणि वसूल झालेल्या दंडातला एक तृतीयांश खबर देणाऱ्याला. हा शेवटचा हिस्सा वाचून मी थांबले. गावातलं कुणीतरी, ज्याची गाय आपण काल हुडकून दिली, तो आज कुंपणाआडून माणसं मोजतोय. याच भागातला, म्हणजे जुन्या रॅडनरशर परगण्यातला, वॅव्हसर पॉवेल नावाचा उपदेशक आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात काढून 1670 साली कैदेतच वारला. मग माणसं काय करत असतील? दार लावत असतील. कडी घालत असतील. एखादं पोर बाहेर राखणीला बसवत असतील.

1689 साली सहिष्णुतेचा कायदा आला आणि सूट मिळाली, तीही सगळ्यांना नाही. कॅथलिकांना नाही, त्रैक्य, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे न मानणाऱ्यांना नाही. बाकीच्यांनी जागेची नोंद करायची, आणि एक अट: प्रार्थना चालू असताना दाराला कुलूप, अडसर किंवा कडी असता कामा नये. असली तर सूट रद्द. झाडूवाल्या आजोबांचा विनोद तो हा. बंद दाराआड कट शिजतो अशी सत्तेची समजूत असते. तिला आत डोकावायला फट हवी असते. म्हणजे या चॅपलचं दार उघडं राहिलं ते आदरातिथ्यातून नाही. संशयातून.

पण पंचवीसेक वर्षं चोरून, श्वास रोखून प्रार्थना केलेल्या माणसांना पहिल्या रविवारी ते उघडं दार कसं वाटलं असेल, हेही मनात येतं. पाठीवर वारा लागला असेल. गाताना आवाज बाहेर जातोय, खालच्या शेतापर्यंत जातोय, आणि जाऊ दे, काही होत नाही. एखाद्या म्हातारीनं तरीही सवयीनं दाराकडे बघितलं असेलच.

आतली मांडणी मी कितीतरी वेळ बघत बसले. इंग्लंडातली जुनी गावचर्चेस लांबट असतात, पूर्वेच्या टोकाला वेदी. माणूस दारातून शिरतो आणि पवित्र जागा लांब, पुढं, पायऱ्यांच्या वर असते. आपल्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे बघावं तसं. इथं गाभारा नाहीच. व्यासपीठ आहे ते टोकाला नाही, लांब भिंतीच्या मधोमध. त्याच्यासमोर, दोन्ही बाजूंना, बाकं. कोठार आखूड आणि रुंद बाजूनं वापरलं की शेवटच्या माणसालाही बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. बघायचं काही नव्हतंच, ऐकायचं होतं. सगळी इमारत कानासाठी लावलेली. खिडक्यांची काच साधी, रंगीत चित्रं नाहीत, कारण उजेड हवा होता तो मांडीवरचं पुस्तक वाचायला. भिंती चुन्यानं पांढऱ्या. प्रभुभोजनाचं टेबल आपल्या स्वयंपाकघरात शोभेल असं टेबल. लाकडाला मेण, ओल आणि जुन्या कागदाचा मिळून एक वास. आईनं तो ओळखला. ‘आमच्या शाळेच्या कपाटाचा वास येतोय,’ म्हणाली.

आणि मग त्या पेटीसारख्या बाकांकडे लक्ष गेलं. कमरेएवढ्या लाकडी भिंती, आत बसायला फळी, आणि शिरायला छोटं दार. एकेका कुटुंबाची एकेक खोलीच म्हणा. कारण विचाराल तर थंडी; पायाशी गारवा येऊ नये म्हणून. पण तेवढंच कारण असतं तर सगळ्यांनाच पेट्या असत्या. काहींना पेटी आणि काहींना नुसता उघडा बाक, हे कशानं ठरत असेल ते सांगायला नको. असल्या बाकांचं वर्षाचं भाडं भरायची पद्धत या देशात पुष्कळ ठिकाणी होती. राजासमोर ज्यांनी मान तुकवली नाही, त्यांनी आतल्या आत पुन्हा लहान लहान दारं बसवून घेतली. मी एका पेटीचं दार उघडून आत बसले. बिजागरी कुरकुरली. आई बाहेरच्या उघड्या बाकावर बसली, हात खिशातच.

तिकडे जुन्या लोकांत अशा घराला ‘टी कूर्द’ म्हणतात, भेटायचं घर. चर्च म्हणजे इमारत हे त्यांना मान्यच नव्हतं. चर्च म्हणजे जमलेली माणसं. हे वाचताना मला आपला शब्द आठवला आणि एकटीलाच हसू आलं. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला काय म्हणतात? मंडळी! आपण ज्या तोंडानं ‘चला मंडळी, पानं वाढलीत’ म्हणतो, तोच शब्द. भजनाची मंडळी, पाहुणे मंडळी, आणि आमच्या आजोबांच्या पिढीत तर ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. ज्यानं कुणी भाषांतराच्या वेळी हा शब्द उचलला त्याच्या कानाला दाद द्यावीशी वाटते. मधोमध उभं राहून बोलणारा एक, भोवती बसलेले सगळे, ही मांडणीही आपल्याला परकी नाही. कीर्तनाला काय लागतं? गाभारा लागत नाही. सतरंजी, समई, टाळकरी, आणि बुवांना उभं राहायला दोन हात जागा.

हे सगळं मी आईला गाडीत सांगत होते. जरा जास्तच उत्साहानं, मला सवय आहे. ती खिडकीबाहेर मेंढ्या बघत होती. मी पंढरपूरचं बोलत होते: चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, आणि दार उघडायला 1947 चा मे महिना आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं वगैरे. हे-ऑन-वाय जवळ आलं. तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्या गावातल्या चर्चचं दारही उघडंच असायचं.’

मला तिच्या गावात चर्च आहे हे माहीतच नव्हतं. नेवासे तालुक्यातलं तिचं माहेर, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं वाढले म्हणते, आणि मला माहीत नव्हतं. कारण ते आमच्या आळीच्या बाजूला नव्हतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत होतं. तिनं सांगितलं ते असं: पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, दाराशी लिंबाच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. रविवारी सकाळी तो वाजायचा, तोच त्यांचा घंटानाद. आत पेटी-तबला. ओव्या, अभंग म्हणायचे, चाली ओळखीच्या, नाव तेवढं येशूचं. विहिरीची वाट समोरून जायची म्हणून जाता-येता दिसायचं. वर्गात तिच्यापुढं बसणारी एक मुलगी त्या वस्तीतली, गणितात पहिली. तिनं नाताळाला बोलावलं. आई तेव्हा अकरा-बारा वर्षांची. घरी न सांगता गेली.

‘दारापर्यंत गेले. सगळ्यांच्या चपला बाहेर ओळीनं होत्या. मी पण काढल्या.’

‘मग?’

‘मग परत घातल्या.’

कुणी अडवलं का, असं मी विचारलं. कुणीच नाही. उलट आतून ‘ये ना, ये’ म्हणत होते. पाळकांची बायको उठून दारापर्यंत आली होती, हातात करंज्यांची ताटली. आईला आजीचा चेहरा दिसला, परत गेल्यावर करावी लागणारी आंघोळ दिसली, आणि ती पळत सुटली. ती मैत्रीण नंतर बोलायची, पण पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढं नगरला नर्सिंग शिकायला गेली म्हणे. एवढं सांगून आई म्हणाली, ‘तो बघ, पार्किंगचा बोर्ड गेला मागं.’

मला त्या दिवशी एकही पुस्तक धड निवडता आलं नाही.

नंतर घरी आल्यावर मी धागा जुळवत बसले, आणि तो सरळच निघाला. मायसरॉननची माणसं ‘इंडिपेंडंट’, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपण पाहायचा, वर बिशप नाही. याच वळणाची माणसं सतराव्या शतकात बोटी करून अमेरिकेत गेली आणि तिथं त्यांना काँग्रिगेशनल म्हणू लागले. त्यांच्या मिशनतर्फे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तर कंपनी सरकारनं त्यांना परत जा म्हणून हुकूम काढला. इथंही दार. ते टिकले, मराठी शिकले, अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, 1831 मध्ये नगरला पोचलं, आणि नगर जिल्ह्यातल्या ओढ्यापलीकडच्या वस्त्यांमध्ये असली पत्र्याची प्रार्थनाघरं झाली. मुंबईत 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक याच मिशनचे. त्यांना तुकोबा सोडवले नाहीत, आणि अखेरच्या काळात त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला ठेवून. म्हणजे त्यांनाही मिशनचं दार पुरेसं उघडं वाटलं नसावं. हॉल मात्र लवकर गेला. 1826 मध्ये नाशिककडून मुंबईला परतताना वाटेत पटकी झाली. मुक्कामाला जागा मिळाली होती ती एका देवळाच्या ओसरीची. तिथंच. मूर्तिपूजेविरुद्ध बोलत गावोगाव फिरलेला माणूस, शेवटची रात्र देवळाच्या आडोशाला. ती ओसरी कुणी नाकारली नाही, एवढं मात्र खरं. त्याच ओसरीवर गावातल्या कितीतरी लोकांना पाय ठेवता आला नसता, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम मनात धरायला मला जड जातं.

मी राहते ते घर एकाला एक चिकटलेल्या लाल विटांच्या रांगेतलं. पुढच्या दाराला दोन कुलपं आणि साखळी. आई आली त्याच दिवशी मी तिला तिन्हींची तालीम दिली होती: वरचं आधी, मग खालचं, मग साखळी, आणि कुणी वाजवलं तर आधी भोकातून बघ. दोन घरं सोडून चोरी झाली होती, म्हणून. तिनं ते इतकं मनावर घेतलं की मायसरॉननच्या टेकडीवर, जिथं मेंढ्यांखेरीज कुणी नव्हतं, तिथंही तिचा हात कडीवर गेला. म्हणजे ती कडी खरी माझीच. पण संध्याकाळी मात्र ती ऐकायची नाही. दिवेलागणीला मायक्रोवेव्हवर निरांजन लावून ती पुढचं दार सताड उघडायची. लक्ष्मी यायची वेळ. ‘आई, हीटिंग चालू आहे.’ ‘पाच मिनिटांनी काही होत नाही.’ त्या पाच मिनिटांत मांजर आत आलेलं आहे, अ‍ॅमेझॉनवाला आलेला आहे, एकदा समोरच्या बाई ‘सगळं ठीक आहे ना’ म्हणून विचारायला आल्या, तर त्यांना चकली मिळाली. तीन वर्षांत मी त्या बाईंशी एवढं बोलले नव्हते.

आई जानेवारीत परत गेली. मी अजूनही वरचं आधी, मग खालचं, मग साखळी.

मार्चमध्ये ती माहेरी एका लग्नाला गेली होती. रात्री फोन आला. आधी जेवणाचं झालं, मग मुलीकडच्यांच्या मानपानाचं, मग मध्येच म्हणाली, ‘ओढ्यापलीकडे जाऊन आले.’ आता तिथं पूल झालाय. प्रार्थनाघरही नवं, सिमेंटचं, आत फरशी आहे म्हणतात. रुळाचा तुकडा अजून आहे, लिंब तोडलं म्हणून खांबाला बांधलाय.

‘आत गेलीस?’

‘कुलूप होतं. चावी पाळकांकडे, ते तालुक्याला राहतात. मागं माइकचा डबा चोरीला गेला, तेव्हापासून लावतात.’

मी काही बोलले नाही. तीच पुढं म्हणाली, ‘पायरीवर बसले जरा. गुडघा दुखत होता. समोरच्या घरातल्या पोरीनं चहा आणून दिला.’

‘घेतलास?’

‘घेतला की. गोड फार होता.’